आधी गेट बघ

बाबू, चंद्रपूरच्या सीपेटमधून शिकून निघालास, चाकणला मोल्डिंगमध्ये लागलास, चांगलं झालं. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सुटली की पुण्यापर्यंत वाचायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून हे लिहून देतो. तुझ्या मामाने जन्म इंजेक्शन मशीनपुढे काढला, पण सगळं सांगत बसत नाही. ग्लास फिल्ड मालाचं तेवढं सांगतो, कारण नवी पोरं तिथंच फसतात.

पीस हातात आला की आधी गेट शोध. माल कुठून शिरला, कुठे फाकला, कुठे पुन्हा भेटला, हे बोट फिरवून बघ. मालात काचेचे तंतू असतात, जाडीला १० मायक्रॉनच्या आसपास, लांबीला मिलिमीटरपेक्षाही कमी. ते मालाबरोबर वाहतात आणि वाहता वाहता वळतात. आपल्याकडचा बुरुड कामट्या काढतो ते पाहिलंच आहेस. बांबू ओढून तुटत नाही, पण उभा चिरत जातो. इथंही ताकदीला दिशा आहे, फक्त ती वरून दिसत नाही.

बरं, एकच दिशा असती तर सोपं होतं. डायच्या भिंतीला लागलेला माल लगेच गोठतो आणि त्याला घासत बाकीचा पुढे सरकतो. त्या घसटीत तंतू प्रवाहाच्या दिशेला लागतात. मधोमध घसट नसते. गेटमधून माल पंख्यासारखा फाकतो तेव्हा मधले तंतू आडवे पडतात. म्हणजे वरखाली उभा थर, पोटात आडवा. पीस तुटला की डिझाइनवाले आधी जाडी वाढवायला सांगतात. जाडी वाढली की पोटातला आडवा थरही वाढतो, सायकल टाइम वाढतो, आणि ताकद हिशेबाइतकी मिळत नाही. त्याआधी गेट हलवता येतं का, रिब देता येते का, ते विचार.

डेटाशीटच्या आकड्याला भुलू नकोस. ३० टक्के काचेच्या नायलॉन ६६ ला १८० मेगापास्कलच्या पुढे ताकद लिहिलेली असते. ती चाचणीची पट्टी एका टोकाच्या गेटने भरलेली, तंतू बहुतेक लांबीत, आणि नायलॉन कोरडा. त्याच मालाची सपाट प्लेट काढून प्रवाहाला आडवी पट्टी कापली तर तिसरा हिस्सा सहज जातो. वर नायलॉन हवेतलं पाणी पितो, तेव्हा आणखी उतरतो. खोटं कोणी लिहीत नाही, पण तुझा पीस म्हणजे ती पट्टी नाही.

सगळ्यात जास्त रडवते ती वेल्ड लाइन. स्क्रू बॉसच्या कोअर पिनला वळसा घालून माल दोन्हीकडून येतो आणि पलीकडे भेटतो. भेटीच्या जागी तंतू रेषेला समांतर पडतात, आरपार जवळपास कोणीच जात नाही. तिथं काच कामाची नाही, नुसतं प्लास्टिक धरून असतं. बिनकाचेच्या मालात टेंपरेचर वाढवून जोड बराच सुधारतो. काचेच्या मालात सेटर कितीही बटणं दाबो, तंतू काही पूल बांधत नाहीत. गेटची जागा बदलून ती रेषा जोर येत नाही तिथं न्यायची, किंवा शेवटाला ओव्हरफ्लोचा खिसा देऊन माल पुढे ढकलायचा. तुटलेला पीस उन्हात तिरपा धरून बघ. कडेला बारीक पांढरे केस उभे दिसले तर तंतू तड्याला आडवे येऊन लढले. सपाट, गुळगुळीत तुटला असेल तर शंका वेल्ड लाइनवर घे.

मोल्डफ्लो सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रांवर हसू नकोस. तंतू कसे वळतील याचं गणित फोल्गर आणि टकर यांनी १९८४ साली मांडलं, आजचे हिशेब त्याच वाटेने चालतात. तरी ट्रायलच्या दिवशी शॉर्ट शॉट टाकच. अर्धा, पाऊण, जवळजवळ भरलेला, असे पीस टेबलावर ओळीने मांड, तारीख लिहून पेटीत ठेव. पुढे भांडण निघालं की तीच पेटी कामाला येते.

पीस वाकडा येत असेल तर कूलिंग वाढवत बसू नकोस. तंतूंच्या दिशेने माल ०.३ टक्के आकसतो, आडवा १ टक्क्याच्या घरात. तो फरक मूळ आहे, जिगमध्ये दाबून ठेवलास तरी गाडीच्या बॉनेटखाली तापला की पुन्हा वाकणार.

स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर गरजेपुरतंच ठेव, नाहीतर तंतूंचा भुगा होतो. ग्राइंडिंगचा माल किती मिसळतात यावर नजर ठेव, कारण त्यातले तंतू आधीच आखूड झालेले असतात. स्टोअरवाला सांगेल, राख टेस्ट पास आहे. ६०० अंशांच्या भट्टीत प्लास्टिक जळून काच उरते, तिचं वजन बरोबर निघेलच. लांबी वजनात कळत नाही. चिमूटभर राख काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला सांग.

आणि ग्राइंडरजवळ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ कपड्यात शिरली की रात्रभर खाजवत बसशील. रूमवर ते कपडे इतरांच्या बादलीत टाकू नकोस.