सर्वात कठीण म्हणजे सर्वात भरवशाचे? : १७-४ पीएच पोलाद आणि उष्णोपचाराची निवड

इतिहासाच्या शिक्षकाने पोलादावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. याला निमित्त झाला आपलाच एक माजी विद्यार्थी. आयटीआय पूर्ण करून तो एका औद्योगिक वसाहतीत उष्णोपचाराच्या भट्टीवर काम करतो. समुद्रकाठच्या एका प्रकल्पासाठी त्याने भट्टीतून काढलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट काही महिन्यांत तडकले. कठीणपणाच्या चाचणीत ते उत्तम उतरले होते, तरी दोष त्याच्या माथी आला. "सर, सगळ्यात कठीण करून दिले, मग तडकले कसे?" असे त्याने मला विचारले. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते भट्टीवर राबणाऱ्या आपल्या इतर मुलांसाठी येथे मांडतो.

गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा लालभडक पोलाद एकदम थंड होऊन कठीण बनते. १७-४ पीएच या पोलादाची रीत वेगळी आहे. त्यात सुमारे १७ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि ३ ते ५ टक्के तांबे असते. १०४० अंश सेल्सिअसला तापवले की तांबे पोलादात विरघळते. थंड केल्यावर ते आतच अडकून राहते. या अवस्थेला 'कंडिशन ए' म्हणतात. त्यानंतर मध्यम उष्णतेवर भाग काही तास ठेवला की तांब्याचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात, धातूच्या थरांचे सरकणे अडवतात आणि कठीणपणा वाढतो. यालाच अवक्षेपण-दृढीकरण किंवा एजिंग म्हणतात.

या तत्त्वाचा शोध पोलादात लागलाच नाही. १९०६ साली जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना आढळले की तापवून थंड केलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवून दिला तरी दोन-तीन दिवसांत अधिक कठीण होतो. त्यातूनच विमानांच्या सांगाड्यांना उपयोगी पडलेले ड्युरॅल्युमिन निर्माण झाले. असे का होते, याची समाधानकारक मांडणी अमेरिकेत मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये केली. १७-४ पीएच हे पोलाद अमेरिकेतील आर्म्को कंपनीने १९४० च्या दशकात पुढे आणले.

आता निवडीकडे वळू. 'एच ९००', 'एच १०२५', 'एच ११५०' या नावांतील आकडे फॅरनहाइटचे आहेत. हे विसरून भट्टी ९०० सेल्सिअसवर लावली, तर सारा माल वाया जातो! एच ९०० म्हणजे ४८२ अंश सेल्सिअसवर १ तास. यात किमान ताणसामर्थ्य १३१० मेगापास्कल आणि कठीणपणा रॉकवेल सी मापावर किमान ४० मिळतो. एच १०२५ म्हणजे ५५२ अंशांवर ४ तास. यात सामर्थ्य १०७० पर्यंत खाली येते. एच ११५० म्हणजे ६२१ अंशांवर ४ तास. सामर्थ्य ९३०, कठीणपणा किमान २८. उष्णता वाढते तसे तांब्याचे कण मोठे व विरळ होतात. त्यामुळे कठीणपणा उतरतो, पण चिवटपणा वाढतो.

त्या बोल्टांचे मर्म येथेच आहे. बोल्ट सतत ताणाखाली असतो आणि समुद्राच्या हवेत क्लोराइड असते. एच ९०० अवस्थेतील पोलाद अशा ठिकाणी तडकण्यास सर्वाधिक प्रवण असते. तेथे एच ११५०, निदान एच १०२५, मागायला हवे होते. मागणीपत्रात फक्त 'जास्तीत जास्त कठीण' असे लिहिले होते. मुलाने लिहिले तेच केले. लिहिणाऱ्याला मात्र कोणी काही विचारले नाही. कंडिशन ए मधला भाग तर एजिंग न करता कधीच वापरू नये. तो ठिसूळ असतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याशी निगडित एक बाब येथे मुद्दाम सांगतो. १०४० अंशांवरून काढलेला भाग ३२ अंशांच्या खाली आल्याशिवाय आतला बदल पूर्ण होत नाही. मे महिन्यात विदर्भातल्या शेडमध्ये हवाच ४२ अंशांवर असते. तेथे 'हाताला थंड लागला' म्हणून भाग लगेच एजिंगच्या भट्टीत टाकला, तर कठीणपणा कमी भरतो आणि कारण कोणालाच उमगत नाही. अशा वेळी गार पाण्याचा आधार घ्यावा आणि तापमान मोजूनच पुढे जावे.

एजिंगमध्ये भाग किंचित आकसतो. १०० मिलिमीटर लांबीला एच ९०० मध्ये सुमारे ०.०५, तर एच ११५० मध्ये ०.०९ मिलिमीटरच्या आसपास. यंत्रकाम करणाऱ्याने तेवढी जागा आधीच ठेवावी. तेल-ग्रीस पुसल्याशिवाय भाग भट्टीत घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

एजिंगचा प्रवास एकाच दिशेने होतो. एच ९०० केलेला भाग पुन्हा ६२१ अंशांवर नेऊन मऊ करता येतो; मात्र एच ११५० झालेला भाग अधिक कठीण हवा असेल, तर १०४० अंशांपासून नव्याने सुरुवात करावी लागते. त्या विद्यार्थ्याच्या गोदामात त्याच खेपेतले न बसवलेले बोल्ट अजून पडून होते. प्रथम त्यांत तडे नाहीत ना हे तपासावे, कमी सामर्थ्य चालेल का हे आराखडा करणाऱ्या अभियंत्याकडून लेखी घ्यावे, मग ६२१ अंशांवर ४ तास ठेवून आटे पुन्हा मोजावेत, असे मी त्याला कळवले. 'लेखी' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.