जुन्या पिकअप गाडीचा भरंवसा

बैल विकत घेतांना आपले लोक त्याचे दांत पाहतात, खांदा पाहतात, औतास जुंपून पाहतात, आणि तरीही चार दिवस शेजाऱ्यांस विचारीत राहतात. परंतु तीनचार लाख रुपयांची जुनी पिकअप गाडी घेतांना रंग, टायर व हौदा एवढें पाहून सौदा उरकणारे गृहस्थ आमच्या निफाड तालुक्यांत पुष्कळ आढळतात. आम्हीही त्यांतलेच एक होतों, हें प्रथमच कबूल करणें बरें. महसूल खात्याच्या कारकुनींतून मुदतीपूर्वीं निवृत्त होऊन आम्ही घरच्या जमिनीकडे लक्ष देऊं लागलों, आणि टोमॅटो व कांदा बाजारांत नेण्यासाठीं २०२० सालीं बारा वर्षांची एक पिकअप घेतली. त्या गाडीनें आम्हांस जें शिकविलें तें, आणि पंचक्रोशींतील आठदहा मालकांस विचारून जें समजलें तें, वाचकांपुढें ठेवीत आहों.

पिकअप म्हणजे मूळची जीप जातीचीच गाडी. माणसें बसण्याच्या जागीं मागें लांब हौदा, एवढाच फरक. मुंबईस महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलिस जीपांची जुळणी सुरू केली, तेव्हांपासून ही जात आपल्याकडे रुळली. खालीं दोन लांब लोखंडी तुळयांचा सांगाडा, मागील आंसास पाटे आणि पुढें डिझेल इंजिन, अशी तिची साधी बांधणी असल्यामुळें तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही ती ओळखतो, व सुटे भाग जवळच्या पेठेंत मिळतात. जुन्या गाडीच्या भरंवशांत ह्या गोष्टीचा वांटा मोठा आहे. जी गाडी रस्त्यांत कधींच बंद पडत नाहीं अशी आम्ही अजून पाहिली नाहीं. जी बंद पडली असतां त्याच दिवशीं पुन्हां चालूं होते, तिलाच भरंवशाची म्हणावें.

चौकशीस निघालों तेव्हां आमचा पहिला प्रश्न सर्वांसारखाच होता : कोणत्या कंपनीची गाडी अधिक टिकते? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पिंपळगांव बसवंताजवळच्या एका गांवीं निराळ्याच रीतीनें मिळालें. तेथील दोघां भावांनीं वाटणीपूर्वीं एकाच वर्षीं एकाच कंपनीच्या व एकाच नमुन्याच्या दोन पिकअप घेतल्या होत्या. वाटणींत एकेक गाडी प्रत्येकाच्या वांट्यास आली. थोरल्यांची गाडी आज सोळा वर्षांची आहे. तिनें तीन लाख किलोमीटर ओलांडले, परंतु इंजिन एकदांही उघडावें लागलें नाहीं. खर्च झाला तो दोन क्लचप्लेटा, एक रेडिएटर व पाट्यांचीं कांहीं पानें एवढाच. धाकट्यांच्या गाडीचें इंजिन दोनदां उघडलें, आणि अकराव्या वर्षीं ती भंगारांत गेली. धाकटे म्हणतात, "आमच्या नशिबीं खोटी गाडी आली." थोरले ह्यावर कांहींच बोलत नाहींत.

आम्ही दोघांकडेही निवांत बसलों. थोरले गाडी स्वतः चालवितात किंवा मुलाच्या हातीं देतात. द्राक्षांच्या पेट्या, खत, औषधें ह्यांपलीकडे तींत फारसें कांहीं भरीत नाहींत. सकाळीं इंजिन चालूं केल्यावर दोन मिनिटें थांबल्याशिवाय ते गाडी हलवीत नाहींत, आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करीत नाहींत. धाकट्यांनीं गाडी भाड्यास लावली. सहा वर्षांत नऊ ड्रायव्हर झाले. कांदा, विटा, वाळू, जें मिळेल तें भरलें. ऑइल शेवटीं केव्हां बदललें होतें असें विचारतां ते म्हणाले, "ड्रायव्हरनें बदललेंच असेल!" तलाठ्याच्या दप्तरांत 'असेल' ह्या शब्दावर नोंद होत नसते, पण गाडीच्या बाबतींत पुष्कळांचा सगळा कारभार ह्याच शब्दावर चालतो.

फाजील ओझ्याबद्दल येथेंच सांगून टाकतों. गाडी बसूं नये म्हणून पाट्यांत एखादें पान जास्त घालून घेण्याची चाल सर्वत्र आहे. तेणेंकरून हौदा वर राहतो हें खरें, परंतु ब्रेक, क्लच, आंस व टायर पहिलेच राहतात आणि वाढलेला भार त्यांच्यावर पडतो. धाकट्यांच्या गाडींत असेंच एक पान घातलेलें होतें. शिवाय २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून फाजील ओझ्यास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये अधिक पडतात. एका खेपेंत वांचलेलें भाडें त्यांत कितीदां बुडतें, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आतां आमची स्वतःची हकीकत. २०२१ सालच्या सप्टेंबरांत ६० क्रेट टोमॅटो भरून पुतण्या व आम्ही रात्रीं वाशीच्या बाजारास निघालों. घोटी, इगतपुरी मागें पडली. कसारा घाट उतरूं लागलों तोंच पुढून फट् असा आवाज झाला आणि समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला. पुतण्या म्हणाला, "काका, चार्जिंग गेलें वाटतें. बॅटरी नवी आहे, वाशीपर्यंत पुरेल." पुढच्या वळणावर त्यानें ब्रेक दाबला तो थोडाफार लागला, त्यापुढच्या वळणावर ब्रेकचा पायटा दगडासारखा घट्ट झाला.

ह्याचें कारण आम्हांस मागाहून मिस्त्रीनें समजाविलें. ब्रेक दाबतांना पायास जोर देणारा एक व्हॅक्यूम पंप असतो. आमच्या गाडींत तो आल्टरनेटरच्या पाठीस बसविलेला आहे. तो आल्टरनेटर आणि इंजिनांत पाणी फिरविणारा पंप हे दोन्ही एकाच रबरी पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला कीं चार्जिंग, पाणी व ब्रेकचा जोर, तिन्ही एकदम जातात. सांठलेल्या व्हॅक्यूमवर एकदोनदां ब्रेक लागतो आणि त्यामुळेंच माणूस फसतो. पुढें उरतो तो केवळ पायाचा जोर. पुतण्यानें घाबरून गाडी न्यूट्रल केली नाहीं, हें आमचें दैव. त्यानें तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, सर्व बळ पायटीवर दिलें, आम्ही हँडब्रेक ओढीत गेलों, आणि गाडी डोंगराच्या अंगास लागून उभी राहिली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनीं चाकांखालीं दगड लावून दिले.

पट्टा सकाळीं इगतपुरीहून आला. किंमत चारशें रुपये. टोमॅटो दुपारीं वाशीस पोंचले तेव्हां बाजार होऊन गेला होता, आणि क्रेटमागें निम्म्याहून कमी दर पदरांत पडला. घरीं आल्यावर गाडीच्या आधींच्या मालकांस आम्ही फोन करून विचारलें, पट्टा केव्हां बदलला होता? ते प्रामाणिकपणें म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही गाडी घेतली तेव्हांपासून तोच असावा." त्यांनीं ती सात वर्षें वापरली होती. म्हणजे दोष त्यांचाही म्हणवत नाहीं. गाडी घेतली त्याच दिवशीं सर्व पट्टे व पाण्याचे रबरी पाइप बदलून टाकणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्ही केलें नव्हतें. त्याच आठवड्यांत आम्ही पांच हजार रुपयांचें नवें टपाचें लोखंड मात्र बसवून घेतलें होतें!

जुनी गाडी घेतांना काय पाहावें, हें ह्या अनुभवानंतर आम्ही एका जुन्या मिस्त्रीकडून शिकलों. गाडी सकाळीं, इंजिन गार असतांना पाहावी. विकणारा आधींच गरम करून ठेवील तर बोनेटवर हात ठेवून परत फिरावें व दुसऱ्या दिवशीं न सांगतां जावें. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळतें आहे. काळा धूर असेल तर हवेची जाळी तुंबली आहे किंवा डिझेल जास्त जातें आहे, हा दोष तितका भयंकर नव्हे. पांढरा धूर गार इंजिनास थोडा वेळ येतो. तो गरम झाल्यावरही राहिला, आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. चालूं इंजिनावर ऑइल भरण्याचें झांकण उघडावें : तेथून धुराचे फुत्कार जोरानें निघूं लागले तर पिस्टन-रिंगा झिजल्या समजाव्या. ऑइलची कांब काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. मग गाडीखालीं निजून सांगाडा पाहावा. ताजा काळा रंग जेथें जाड असेल तेथें नखानें खरवडावें, कारण डागकाम बहुधा त्याखालींच असतें. किलोमीटरच्या कांट्यावर विश्वास ठेवूं नये. ब्रेक व क्लचच्या पायट्यांचीं रबरें किती झिजलीं आहेत, तीं खोटें बोलत नाहींत.

रेडिएटरांत विहिरीचें पाणी घालण्याची संवय आपणां सर्वांस आहे. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असल्यामुळें चहाच्या भांड्यास बसतो तसा क्षार आंतील नळ्यांस बसतो आणि उन्हाळ्यांत इंजिन तापूं लागतें. कूलंट शुद्ध पाण्यांत मिसळून घालावें. वर्षाचा खर्च एका फवारणीइतकाही नाहीं.

नव्या काळच्या गाड्यांविषयीं एक मालक फार कळवळून बोलले. त्यांची गाडी आमच्याहून आठ वर्षांनीं लहान, कॉमनरेल पद्धतीची. जुन्या इंजिनांत डिझेल पंप यांत्रिक असे. नव्यांत इंजेक्टर विजेच्या हुकमानें उघडतात आणि डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो. धूर कमी, डिझेल कमी, ओढ जास्त, हे तिचे गुण खरे आहेत. परंतु ह्या गृहस्थांनीं ट्रॅक्टरसाठीं गोठ्यांत ठेवलेल्या पिंपांतील डिझेल गाडींत घातलें. त्यांत पावसाळ्याचें पाणी उतरलें होतें. जुन्या ट्रॅक्टरनें तें कसेंबसें पचविलें. गाडीचे इंजेक्टर गेले. गांवच्या मिस्त्रीपाशीं तपासणीचें यंत्र नाहीं, म्हणून गाडी ओढून नाशिकास न्यावी लागली, आणि ऐन द्राक्षाच्या हंगामांत ती नऊ दिवस पडून राहिली. अशा गाडीच्या डिझेल फिल्टरखालीं पाणी काढण्याचा स्क्रू असतो, तो वेळोवेळीं सैल करून पाणी सोडावें, आणि पिंपांतलें डिझेल तींत कधींही घालूं नये. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा प्रमाणाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात, त्यांची रचना याहूनही नाजूक आहे. तेव्हां जुनी गाडी घ्यावयाची तर आपल्या गांवापासून दुरुस्तीची सोय किती दूर आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

कागदांबद्दल आमच्या पूर्वीच्या धंद्यामुळें दोन शब्द अधिक लिहितों. सातबारावर बोजा पाहिल्याशिवाय कोणी जमीन घेत नाहीं, पण आर. सी. बुकावरही कर्जाचा बोजा असतो हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तो उतरविण्यास ३५ नंबरचा फॉर्म व कर्ज देणाऱ्या संस्थेचा दाखला लागतो. मालकी बदलण्यास २९ व ३० हे फॉर्म. केवळ स्टँपावर लिहून पैसे देणें म्हणजे फेरफारावांचून जमिनीचा ताबा घेण्यासारखें आहे. अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकास जाते आणि भांडण दोघांस. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दरसाल घ्यावा लागतो. १५ वर्षांवरील गाड्यांची ही फी १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढली आहे, ती किंमत ठरवितांनाच वजा धरावी.

घाटांतील त्या रात्रीनंतर आम्ही दोनशें पानांची एक वही केली आहे. तींत तारीख, किलोमीटर, काय बदललें, कोणी बदललें व पैसे किती, एवढेच रकाने आहेत. ऑइल, तीन फिल्टर, पट्टे, ब्रेकचें ऑइल, ग्रीस, चाकांच्या बेअरिंगा ह्यांस एकेक पान दिलें आहे. पुतण्यास आरंभीं हें कारकुनी खूळ वाटलें. गेल्या वर्षीं क्लच सरकूं लागला तेव्हां मिस्त्री नवी प्लेट घालावयास निघाला. पुतण्यानें वही काढून दाखविलें कीं प्लेट चौदा महिन्यांपूर्वींचीच आहे. मग शोध घेतला तों इंजिनाच्या मागील सीलमधून ऑइल गळून प्लेटीवर येत होतें. सील न बदलतां नवी प्लेट घातली असती तर तीही दोन महिन्यांत गेली असती.

गाडी केव्हां विकावी, ह्यावर मालकांत एकमत नाहीं. थोरले म्हणतात, सांगाडा गंजेपर्यंत नाहीं. दुसरे एक जण वर्षाची दुरुस्ती व फी मिळून भाड्याच्या गाडीच्या खर्चाहून अधिक झाली कीं विकतात. आमच्या वहींत ही बेरीज गेल्या वर्षीं प्रथमच बरोबरीस आली. येत्या टोमॅटोच्या हंगामापर्यंत गाडी ठेवावी असें सध्यां ठरलें आहे. जादा पट्टा सीटखालीं आहे. ज्यांच्यापाशीं दहा वर्षांहून जुनी पिकअप असेल त्यांनीं आपल्या गाडीचें वर्ष, झालेले किलोमीटर व मोठ्या दुरुस्त्या मासिकाच्या पत्त्यावर कळविल्यास त्यांचें एक कोष्टक पुढें छापतां येईल.