मागच्या खोलीत कोण बोलतंय?

गणपती बसायला चार दिवस होते. नेवासा तालुक्यात सोनईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक आहे. जन्मापासून मला दिसत नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचं सगळं काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर चालतं. पडद्यावर काय आहे ते तो बोलून दाखवतो, मी कळफलकावरून पुढे सरकतो. त्या संध्याकाळी शाळेची ऑनलाइन माहिती अर्धी भरून, झाकण मिटून मी जेवायला उठलो. परत येऊन झाकण उघडलं तर लॅपटॉप मुका.

विंडोजची कळ दाबली. स्टार्ट मेनू उघडला असणार, पण एक शब्द नाही. खालचा बाण, वरचा बाण, टॅब, काहीच नाही. माहिती भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

तेवढ्यात आईनं विचारलं, "मागच्या खोलीत कोण बोलतंय रे?"

मी वैतागून म्हणालो, "आई, तू जरा थांब." त्या एका वाक्यापायी माझे दोन दिवस गेले.

पुढच्या अर्ध्या तासात मी जे केलं ते कोणी करू नये. इन्सर्ट आणि एस या कळांनी एनव्हीडीएचं बोलणं बंद-चालू होतं, एवढं आठवत होतं. त्या कितीदा दाबल्या ते मोजलं नाही. दर दाबण्याला तो एकेक अवस्था बदलतो: बोलणं, पूर्ण बंद, नुसती बीप वगैरे. शेवटी मी त्याला 'पूर्ण बंद'वर नेऊन ठेवलं होतं. घाईत मध्येच शिफ्टही दाबली गेली. इन्सर्ट-शिफ्ट-एस म्हणजे समोर उघडलेल्या प्रोग्रामपुरतं एनव्हीडीएला झोपवणं. मूळ दुखणं एक होतं, त्यात मी आणखी दोन घातली.

सकाळी शेजारचा बारावीतला मुलगा आला. "सर, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला आणि माउस हातात घेतला. काय करतोस विचारलं की "थांबा ना सर" एवढंच. त्यानं जुना एनव्हीडीए काढून टाकला, नवा उतरवला. बसवताना तो विचारतो, संगणकात कायमचा बसवायचा की सोबत नेण्याजोगी पोर्टेबल प्रत करायची? मुलानं पोर्टेबल निवडली. प्रत सुरू झाली आणि मागच्या खोलीतून आई ओरडली, "बघ, कालचाच माणूस परत बोलायला लागला!"

मखराच्या पुठ्ठ्यांमागे भाच्याचा ब्लूटूथ स्पीकर होता. सजावट करताना गाणी लावायला त्यानं आदल्या दुपारी तो माझ्या लॅपटॉपला जोडला होता. झाकण उघडताच लॅपटॉपनं स्पीकर शोधला आणि सगळा आवाज तिकडे पाठवला. माझा एनव्हीडीए बोलत होताच, फक्त गणपतीच्या खोलीत. स्पीकर बंद केला, आवाज लॅपटॉपवर आला. नवी प्रत सुरू होताना माझी दोन दुखणीही आपोआप गेली, कारण एनव्हीडीए बोलण्याची आणि झोपेची अवस्था साठवून ठेवत नाही. म्हणजे आदल्या रात्री कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून एनव्हीडीए नुसता पुन्हा सुरू केला असता, तरी ती दोन मिटली असती.

पण मुलाच्या उपायाचं दुखणं मागे राहिलं. दुपारी लॅपटॉप बंद करून चालू केला तर पासवर्डच्या पडद्यावर शांतता. पोर्टेबल प्रत साइन-इनच्या आधी सुरू होत नाही. कसाबसा आत शिरलो, प्रिंटर जोडायला गेलो, तर विंडोजनं 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' असं विचारलं असावं, कारण लॅपटॉप पुन्हा मुका. हा परवानगीचा पडदा सुरक्षिततेसाठी बाकी सगळ्यापासून वेगळा ठेवलेला असतो आणि पोर्टेबल प्रतीला तिथे प्रवेश नसतो. आमच्या शेजारी शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, पण विंडोजच्या घराला हे दार आहे. मुदत संपायला दोन तास उरले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझं अर्धं काम दुसऱ्या सरांकडे दिलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री नगरच्या एका अंध शिक्षकमित्राला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "नॅरेटर लावून पाहिलास का?" नाही पाहिला. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा स्क्रीन रीडर आहे आणि तो विंडोज, कंट्रोल, एंटर या तीन कळांनी पासवर्डच्या पडद्यावरही सुरू होतो, हे मला ऐकून माहीत होतं. हातानं कधी केलं नव्हतं. आमची पिढी एका महागड्या स्क्रीन रीडरच्या नमुना प्रतीवर शिकली. ती 40 मिनिटं चालायची, मग संगणक बंद करून चालू करावा लागायचा. आवाज गेला की यंत्र बंद करायचं ही खोड तिथली. 2006 साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं एनव्हीडीए लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि स्क्रीन रीडर फुकट मिळू लागला. खोड मात्र गेली नाही.

आता शिकलेलं सांगतो.

स्क्रीन रीडर शेत पाहत नाही, सातबारा वाचतो. पडद्यावरचं चित्र त्याला दिसत नाही. प्रत्येक मेनू, बटन, चौकट स्वतःचं नाव, प्रकार आणि अवस्था विंडोजकडे नोंदवते, ती नोंद तो वाचतो. म्हणून आवाज गेला की आधी ठरवा: वाचणारा गप्प आहे, त्याचा आवाज भलतीकडे जातोय, की नोंदच नाही?

आधी नॅरेटर लावा. तोही मुका असेल तर बिघाड आवाजाच्या वाटेवर आहे: ब्लूटूथ, टीव्हीची वायर, शून्यावर गेलेला आवाज. नॅरेटर बोलला तर बिघाड एनव्हीडीएत आहे. मग त्याच तीन कळांनी नॅरेटर बंद करा, नाहीतर दोघे एकावर एक बोलतील, आणि कंट्रोल-ऑल्ट-एन दाबा. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं.

एनव्हीडीए बोलतोय पण मेनू किंवा सेटिंग वाचत नाही, तेव्हा इन्सर्ट-टी दाबून कोणत्या खिडकीत आहात ते विचारा, इन्सर्ट-टॅब दाबून बोट नेमकं कशावर आहे ते विचारा. विंडोजच्या सेटिंगमध्ये एका बाजूला विभागांची यादी असते, दुसऱ्या बाजूला त्या विभागातल्या गोष्टी. यादीत बाणांनी फिरायचं आणि पलीकडे टॅबनं जायचं. आपण यादीतच फिरत राहतो आणि सेटिंग वाचत नाही म्हणून तक्रार करतो.

ब्राउझरमध्ये एनव्हीडीए प्रत्येक गोष्टीला नुसतं 'अननोन' म्हणायला लागला, तर इन्सर्ट-एननं त्याचा मेनू उघडा, टूल्समध्ये जा आणि कॉम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल चालवा. एखादा प्रोग्राम बसवताना किंवा काढताना विंडोजमधल्या नोंदी विस्कटतात, त्या हे साधन पुन्हा लावतं.

पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर जरूर ठेवा, पण ती पाहुण्या संगणकासाठी. रोजच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए कायमचाच बसवा आणि सेटिंगमध्ये साइन-इनच्या वेळी सुरू होण्याची खूण करा. मी तो टूल्स मेनूतून पुन्हा बसवला, पण आधी नॅरेटर लावून, म्हणजे परवानगीचं दार आलं तेव्हा ते वाचणारं कोणीतरी होतं. त्या दारावर ऑल्ट-वाय म्हणजे होकार. आपण स्वतः काही बसवायला घेतलेलं नसेल तर ही कळ आंधळेपणानं दाबू नका. हे मी अंध असूनच सांगतोय. शाळेतला जुना संगणक विंडोज 7 चा असेल तर त्यावर एनव्हीडीएची 2023.3.4 ही शेवटची आवृत्ती चालते, पुढची बसत नाही.

डोळस मदतनिसांना एक विनंती. माउस हातात घेऊ नका, डोळे द्या. पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा, कळ आम्ही दाबतो. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानं काय केलं हे मला कळलं नाही, म्हणून ते निस्तरताही आलं नाही. आता तो आला की वाचून दाखवतो, आणि खरंच पाच मिनिटांत काम होतं.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते हवंच होतं. पण रात्री नऊ वाजता घरात लॅपटॉप मुका झाला, तर कामाला येतात त्या बोटांत बसलेल्या कळा. मी त्या ब्रेलमध्ये एका पुठ्ठ्यावर टोचून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवल्या आहेत. त्यात पहिली ओळ कळांची नाहीच: 'घरात कोणाला आवाज येतोय का, विचार.'

तुमचा लॅपटॉप आत्ता नीट बोलत असेल, तर आत्ताच विंडोज, कंट्रोल, एंटर दाबून पाहा. दुसरा आवाज ऐका, मग त्याच कळांनी तो बंद करा.