लाळग्रंथी : विज्ञानाचा पाठ आणि इतिहासाचे एक पान

इतिहास शिकविणाऱ्यांनी लाळग्रंथींवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु लाळ हा जसा विज्ञानाचा, तसाच आमच्या समाजाच्या इतिहासाचाही विषय आहे. म्हणून हा छोटा पाठ आम्ही मांडीत आहोत.

मनुष्याच्या मुखात लाळग्रंथींच्या तीन प्रमुख जोड्या असतात. कानापुढील अनुकर्ण ग्रंथी (गालगुंडात सुजते ती हीच), खालच्या जबड्याच्या आतील अधोहनू ग्रंथी आणि जिभेखालील अधोजिव्हा ग्रंथी. पहिलीचा स्राव पाण्यासारखा पातळ, तिसरीचा बहुतांशी चिकट आणि दुसरीचा मिश्र असतो. दिवसाकाठी सुमारे १ ते १.५ लीटर लाळ स्रवते. तीत ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या अल्पांशात क्षार, श्लेष्मा, पिष्टाची शर्करा करणारे अमायलेज हे विकर आणि जंतुनाशक लायसोझाइम असते. भाकरीचा घास सावकाश चावला की गोड लागतो, तो या विकरामुळेच.

आहाराप्रमाणे ही रचना बदलते. वेण्णाकाठी चरणारी गाय दिवसाला १०० लीटरच्या आसपास लाळ निर्माण करते. तीतील अल्कधर्मी क्षार पोटातील आम्लता आवरतात. ऑस्ट्रेलियातील कांगारू हा पिलास पोटपिशवीत वाढविणारा शिशुधान प्राणी गायीचा निकटचा आप्त नव्हे. तरीही गवत आंबवून पचवायचे असल्याने त्याचीही अनुकर्ण ग्रंथी मोठी असते. कडक उन्हात तो पुढच्या पायांवर लाळ चाटतो. तेथे त्वचेलगत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. लाळ वाळताना रक्त थंड होते.

शरीरातील पाणी घटले की लाळ आटते आणि कोरडा घास गिळवत नाही. १९०१ च्या सुमारास भीमराव व त्यांच्यासोबतची मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावास निघाली. मसूर स्टेशनापुढे बैलगाडीच्या प्रवासात त्यांच्याजवळ शिदोरी होती. परंतु अस्पृश्य म्हणून पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. अन्न असूनही उपास का घडला, हे वरील पाठावरून उमगते.

पेशवाईत पुण्यातील अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात नमूद केले. थुंकीने रोग पसरतो, म्हणून कोणीही उघड्यावर थुंकू नये, हा आरोग्याचा नियम सर्वांस सारखा आहे. मडक्याचा नियम मात्र एकाच समाजाच्या गळ्यात होता. त्यात आरोग्य नव्हते, अपमान होता.

भगवान बुद्धांच्या शिकवणीत शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन सांगितले आहे. त्या पाली यादीत रक्त, घाम, अश्रू यांच्यासोबत ‘खेळ’ म्हणजे लाळही येते. ती यादी प्रत्येक देहाची आहे. तीत उच्च-नीच असा भेद नाही.

प्रयोगशाळेत पिष्टाच्या द्रावणात आयोडीन घातले की निळा-काळा रंग येतो. आधी त्यात लाळ मिसळून थोडा वेळ ठेवली, तर तो रंग उमटत नाही. हा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतःच्या लाळेवर करावा आणि शेजारच्या मुलाची परीक्षानळीही पाहावी. पालकांनी घरी त्यांना मडक्याची हकिकतही सांगावी. दोन्ही मिळूनच हा पाठ पूर्ण होतो.

जय भीम!