डायनॅमो काढू का?

प्रश्न : माझ्या १९६८च्या फिएट ११००चे हेडलाइट सिग्नलला मंदावतात, चार्जिंगचा लाल दिवाही लागतो. मेकॅनिक म्हणतो, अल्टरनेटर बसवा.

उत्तर : इतकी घाई नको. आयडलिंगला डायनॅमो जेमतेमच वीज देतो. रेस दिल्यावर दिवा विझत असेल तर डायनॅमो बहुधा ठीक आहे. विझत नसेल तर फॅनबेल्टचा ताण आणि कार्बन ब्रश बघा. काळवंडलेला कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसा. एमरी पेपर मुळीच नको. खरा चोर पुष्कळदा अर्थिंगच असतो. बॅटरीचं अर्थचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मीटर लावून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थची पट्टी सोडवा, टोकं घासा, घट्ट आवळा. तरीही अल्टरनेटर बसवलात, तर जुना कटआउट सर्किटमधून काढायला लावा. आणि डायनॅमो भंगारात देऊ नका, गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं!