जुने व्हिडिओ खेळ आणि आठवणींची ओढ

मनुष्याचें मन मोठें विलक्षण आहे. जें हातांत असतें त्याची त्यास फारशी किंमत वाटत नाहीं. पण तेंच एकदां काळाच्या उदरांत गडप झालें, म्हणजे त्याच्यासाठीं तें झुरूं लागतें. आजीच्या हातचें थालिपीठ, शाळेच्या वाटेवरील चिंचा, आजोळच्या विहिरींतील पोहणें, यांची आठवण काढून हळहळणारीं माणसें आपण नित्य पाहतों. परंतु ज्या खेळांस जन्मून अद्याप पाऊणशें वर्षेंही झालीं नाहींत, त्या व्हिडिओ खेळांसाठींही लोक आतां असेच झुरूं लागले आहेत. नवे, देखणे व अवाढव्य खेळ बाजारांत मिळत असतां प्रौढ माणसें चाळीस वर्षांपूर्वींचे ओबडधोबड खेळ पुनः शोधून काढतात. हें काय कोडें आहे, व या ओढींत खरें किती व भ्रम किती, याचा विचार आम्हीं प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

या हुरहुरीस युरोपीय भाषांत ‘नॉस्टॅल्जिया’ असा शब्द आहे. योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या स्विस विद्यार्थ्यानें १६८८ सालीं आपल्या प्रबंधांत तो प्रथम योजिला. ‘घरीं परतणें’ व ‘वेदना’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानें तो घडविला. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या मनुष्यास घराच्या आठवणीनें जो विकार जडतो त्याचें हें नांव होतें. पुढें त्या शब्दाचा अर्थ पालटला; स्थळाऐवजीं तो काळाकडे वळला. या दोहोंत एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सोडून आलेल्या गांवीं मनुष्य परत जाऊं शकतो. सोडून आलेल्या काळीं जाऊं शकत नाहीं.

आतां या खेळांचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत पाहूं. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहॅवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठीं एका मापनयंत्राच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं दोन अवकाशयानांच्या द्वंद्वाचा खेळ संगणकावर रचिला. १९७२ सालीं राल्फ बेअर याच्या कल्पनेंतून निघालेलें ‘ओडिसी’ हें घरच्या दूरचित्रवाणी-संचास जोडावयाचें पहिलें खेळयंत्र विक्रीस आलें, व त्याच सालीं अटारी या कंपनीनें ‘पाँग’ हा नाणें टाकून खेळावयाचा खेळ काढिला. दोन फळ्या व एक चेंडू, एवढाच त्याचा संसार. परंतु तेवढ्यावर लोक लुब्ध झाले. त्यानंतर जपानांतून १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० सालीं ‘पॅक-मॅन’ हे खेळ आले आणि ही करमणूक जगभर पसरली.

या खेळांचें खरें मर्म त्यांच्या दारिद्र्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. यंत्राची शक्ति अल्प, स्मरणसांठा अल्प, रंग मोजके. म्हणून कर्त्यास बुद्धि खर्चावी लागे. १९८१ सालीं शिगेरू मियामोतो यानें ‘डाँकी काँग’ या खेळांतील सुतार चितारला, तोच पुढें ‘मारिओ’ या नांवानें प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढतां येईना, म्हणून त्यानें त्यास मिशा दिल्या. केस काढणें कठीण, म्हणून डोक्यावर टोपी घातली. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळांत आकाशांतील ढग व जमिनीवरील झुडूप हें एकच चित्र आहे. केवळ रंग पालटला आहे. तो अवघा खेळ चाळीस किलोबाइटांत मावतो. आज खिशांतल्या फोननें काढलेल्या एका छायाचित्रास त्याच्या कितीतरी पट जागा लागते. घरांत दोनच भांडीं असतां चार पदार्थ रांधणाऱ्या सुगरणीसारखी ही करामत होती.

कधीं कधीं यंत्राचें दौर्बल्यच खेळाचा प्राण होऊन बसे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मध्यें पंचावन्न शत्रु रांगा धरून हळूहळू खालीं उतरतात. इतकीं चित्रें हलवितांना यंत्राची दमछाक होई. म्हणून आरंभीं त्यांची गति मंद असे. जसजसे शत्रु मरत, तसतसा यंत्राचा भार हलका होऊन उरलेले वेगानें धांवूं लागत. तोमोहिरो निशिकादो या कर्त्यानें हा दोष काढून न टाकतां मुद्दाम तसाच ठेविला, आणि शेवटच्या शत्रूच्या वेळीं खेळणाऱ्याचें काळीज जें धडधडूं लागलें, तें या दोषामुळेंच. ‘पॅक-मॅन’ ची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या यंत्रांत पातळ्या मोजणारा कोठा शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंतच मोजूं शके. दोनशें छप्पन्नाव्या पातळीस कोणी पोंचला, कीं हिशेब चुकून अर्धा पडदा निरर्थक अक्षरांनीं भरून जाई व पुढें जाणें अशक्य होई. द्विमान पद्धतीचें गणित शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस तरी माहीत नाहीं.

१९८४ सालीं मॉस्को येथील विज्ञान-अकादमीच्या संगणक-केंद्रांत अलेक्सी पाजित्नोव्ह यानें रचिलेला ‘टेट्रिस’ तर साधेपणाचा कळसच होय. त्याच्या यंत्रास चित्रें काढतांच येत नसत. म्हणून प्रथम कंसांच्या चिन्हांनींच चौकोन दाखवावे लागले. चार चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते नीट रचून ओळ भरावयाची, एवढाच नियम. त्यांत राजा नाहीं, राक्षस नाहीं, भाषा नाहीं. म्हणूनच तो कोणत्याही देशाच्या मनुष्यास परका वाटला नाहीं.

आमच्या देशांत हे खेळ घरोघरीं पोंचले ते बहुतेक १९९० नंतरच्या दशकांत, तेही मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकलांच्या रूपानें. खेळाच्या पेटीस आम्ही मुलें ‘कॅसेट’ म्हणत असूं. तिच्यावर ‘९९९९ खेळ’ असा भपकेदार आंकडा छापलेला असे. आंत पाहावें तों तेच पांचपंचवीस खेळ नांवें बदलून पुनः पुनः आलेले! ज्याच्या घरीं यंत्र असे त्याच्या ओटीवर आळींतील मुलांची दाटी होई. कॅसेट चालली नाहीं, कीं ती काढून तिच्यांत फुंकर मारावयाची, हा सर्वसंमत उपाय होता. आतां कळतें, कीं गुण फुंकरेचा नव्हता. कॅसेट काढून पुनः नीट बसविली म्हणजे तिचे धातूचे दांत जुळत, एवढेंच. उलट तोंडांतील वाफेनें ते दांत गंजत. ज्या विद्येचा आम्हांस इतका अभिमान होता, तीच आमच्या कॅसेटींस मारक होती.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं माळ्यावरील ती जुनी पेटी खालीं काढली. यंत्र आश्चर्यानें सुरू झालें. परंतु नव्या सपाट पडद्यावर चित्रें विटांसारखीं ठोकळेबाज दिसूं लागलीं. कारण तीं जुन्या कांचनळीच्या पडद्यासाठीं काढलेलीं होतीं, व त्या पडद्याच्या किंचित् अस्पष्टपणानें त्यांच्या कडा मऊ होत असत. बदकें मारावयाची बंदूक तर मुळींच चालेना. तिची युक्ति जुन्या पडद्यावरील प्रकाशाच्या नेमक्या क्षणावर अवलंबून होती, व नवा पडदा तो क्षण साधीत नाहीं. मग आम्हीं ‘कॉन्ट्रा’ हा खेळ लाविला. वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, या क्रमानें कळा दाबून मग दोन बटणें दाबलीं, म्हणजे तीस जन्म मिळतात, हें बोटांस अजून पाठ होतें. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो नांवाच्या एका कर्त्यानें १९८६ सालच्या दुसऱ्या एका खेळाची तपासणी सुकर व्हावी म्हणून हा संकेत योजिला होता.

खेळ सुरू झाला. पण दुसरी मूठ यंत्राशेजारीं तशीच पडून राहिली. ती आमच्या धाकट्या बंधूंची. ते आतां दूरदेशीं असतात, व आमचें बोलणें सणावारीं होतें तेवढेंच. त्या खेळांत धबधब्याची एक पातळी आहे. दोघांनीं वर वर चढत जावयाचें असतें. एकानें घाई केली, तर पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो व मागें राहिलेला गडी खालच्या कडेस पडून मरतो. आमच्या घाईनें धाकटे बंधु तेथें कितीदां मेले याची गणती नाहीं. मात्र त्याच खेळांत एकाचे जन्म संपले म्हणजे त्यास दुसऱ्याच्या शिलकींतून जन्म घेतां येतो, व ते बिचारे आमच्या शिलकींतून एक जन्म घेऊन पुनः मागून येत. त्या दिवशीं एकटे चढतांना आम्हांस समजून आलें, कीं आम्ही खेळासाठीं झुरत नव्हतों. खेळ तर समोरच होता. जें हरवलें होतें तें पेटींत कधीं नव्हतेंच. त्याच सायंकाळीं आम्हीं बंधूंस फोन केला. तासभर बोलणें झालें. त्यांनीं पहिला प्रश्न धबधब्याचाच विचारला.

तेव्हां जुन्या गोष्टींची गोडी ही सर्वस्वीं त्या गोष्टींत नसते, हा पहिला धडा. दुसरा धडा असा, कीं आठवण ही भरंवशाची साक्षीदार नव्हे. १९८२ सालीं अटारी कंपनीनें एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई. टी.’ हा खेळ काढिला. नाताळची विक्री साधावी म्हणून कर्त्यास सुमारें पांचच आठवडे देण्यांत आले. खेळ फसला, १९८३ सालीं तो सगळा धंदाच गडगडला, आणि न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें कंपनीनें कॅसेटी जमिनींत गाडल्या. पुढें या एकाच खेळाच्या लक्षावधि कॅसेटी तेथें पुरल्या आहेत, अशी दंतकथा झाली. २०१४ च्या एप्रिलमध्यें ती जागा खणली, तेव्हां ‘ई. टी.’ च्या कॅसेटी सांपडल्या खऱ्या. परंतु त्यांबरोबर इतर अनेक खेळांच्याही निघाल्या, व त्यांत चांगले गाजलेले खेळही होते. लोकांच्या आठवणीनें सगळा दोष एकाच्या माथीं मारला होता. खोऱ्यानें तो वांटून दिला. जुना काळ सर्वस्वीं सोन्याचा होता असें म्हणणाऱ्यांनीं ही खांच पाहावी. जुन्या खेळांत टाकाऊ खेळही पुष्कळ होते; आपण चांगले तेवढे आठवतों.

येथें कोणी म्हणेल, कीं मग ही सगळी ओढ म्हणजे निव्वळ भ्रमच काय? तसेंही नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील तेरा वर्षांच्या एका मुलानें १९८९ सालचा ‘टेट्रिस’ इतका पुढें नेला, कीं एकशें सत्तावन्नाव्या पातळीस यंत्रच थिजलें. त्यापूर्वीं मनुष्यमात्रापैकीं कोणासही तें साधलें नव्हतें. एके काळीं एकोणतिसाव्या पातळीपुढें जाणें अशक्य मानीत असत. हा मुलगा त्या खेळाहून वीस वर्षांनीं लहान. त्यास कोणत्या बालपणाची आठवण यावी? त्यास खेळच आवडला. म्हणजे उत्तम कृति ही स्मृतीच्या कुबडीवांचूनही उभी राहते, हें सिद्ध झालें. कालिदासाचें नाटक आवडण्यास उज्जयिनींत जन्मलेलें असावें लागत नाहीं.

म्हणून या कृतींचें रक्षण हा एक गंभीर प्रश्न होऊन बसला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें २०१२ सालीं ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांसह चौदा खेळ आपल्या संग्रहांत घेतले. परंतु व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार, अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत कोणत्याही रूपानें विकत मिळत नाहींत. चुंबकीय तबकड्या खराब होतात. खेळणाऱ्याची प्रगति जपणारी कॅसेटींतील लहानशी विद्युत्‌घटी संपते व तींतील नोंद पुसली जाते. जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून घेवविणाऱ्या ‘मेम’ सारख्या योजना १९९७ पासून हौशी लोकांनीं चालविल्या आहेत. पण कर्त्याचा हक्क कोठें संपतो व समाजाचा कोठें सुरू होतो, हा वाद मिटलेला नाहीं. आमच्या मतें दोन्ही बाजूंस तथ्य आहे. कर्त्यास त्याच्या श्रमाचें मोल मिळालेंच पाहिजे. परंतु जी वस्तु कोणी विकत नाहीं व कोणी जपतही नाहीं, ती निव्वळ हक्काच्या कुलपांत कुजूं देणें हें शहाणपणाचें नव्हे. पोथ्यांस वाळवी लागल्यावर त्यांची किंमत ओळखणारे आपण. निदान येथें तरी वेळीं जागें व्हावें.

विद्यार्थिमित्रहो, आज जो खेळ तुमच्या हातांत आहे, तोही उद्यां जुना होणार आहे. तो कसा रचिला आहे, त्याच्या कर्त्यानें कोणती अडचण कोणत्या युक्तीनें सोडविली, हें खेळतांना न्याहाळा. त्यांत गणित आहे, चित्रकला आहे व चातुर्यही आहे. माळ्यावर वडिलांचें जुनें यंत्र असेल, तर तें भंगारांत घालण्यापूर्वीं त्यांस त्याविषयीं विचारा, व तें सांगतील तें वहींत टिपून ठेवा. आणि दोघे मिळून धबधबा चढत असाल, तर मागच्या गड्याकडे लक्ष ठेवा. यंत्र संग्रहालयांत ठेवतां येतें. सोबत ठेवण्यास मात्र दुसरें संग्रहालय नाहीं.