टाळूवरची खपली, वाहणारा कान, न भागणारी तहान

लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस हा बालवयातील दुर्मीळ विकार कर्करोग मानावा की निव्वळ दाह, हा वाद अनेक दशके चालला; २०१० मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांच्या ऊतींत बीआरएएफ या जनुकातील बिघाड आढळला, आणि अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या मगजातील, मूळ पेशींपासून उद्भवणारा हा आजार आता रक्तपेशींच्या कर्करोगांच्या कुळात गणला जातो.

पालकांपुढे मात्र तो या रूपात येत नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळसर, तेलकट खपली धरते आणि तशी खपली घरोघरी पाहिलेली असल्याने तेल जिरवून ती मऊ केली जाते. परंतु महिनोन्महिने न हटणारे हे पुरळ कानामागे व जांघेत पसरले आणि त्यात बारीक जांभळट ठिपके, म्हणजे त्वचेतील सूक्ष्म रक्तस्राव, दिसू लागले, तर ती नेहमीची खपली नव्हे. औषधाच्या थेंबांना न जुमानता कान वाहत राहतो, तेव्हा कानामागचे हाड पोखरले जात असू शकते. न्हाऊ घालताना बोटांना लागणारा डोक्यावरचा मऊ, दुखरा फुगवटाही पडल्याचे टेंगूळ समजून सोडून दिला जातो. मूल रात्री पुन्हापुन्हा पाणी मागते, अंथरूण ओले करते आणि लघवीत साखर नाही म्हणून सारे निर्धास्त होतात. वास्तविक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत आजार शिरला की शरीरात पाणी राखणारे संप्रेरक कमी पडते, या अवस्थेला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात.

प्रस्तुत लेखिकेच्या मुलाची त्वचा, कान आणि तहान यांच्या फायली वेगवेगळ्या दवाखान्यांत राहिल्या, त्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या नाहीत, घरच्यांनीही नाहीत, आणि त्यात सहा महिने गेले. म्हणून पालकांनी साऱ्या तक्रारी तारखांसह एकाच वहीत लिहून ती प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी आणि बायोप्सी, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून तपासणी, करावी का, हे संकोच न करता विचारावे. त्या तुकड्यातील पेशींवर सीडी१ए व लँगरिन ही प्रथिने आढळली की निदान पक्के होते.

एकाच हाडापुरता आजार बहुधा पूर्ण बरा होतो. यकृत, प्लीहा किंवा अस्थिमज्जा ग्रासली गेली तर तो जिवावर बेतू शकतो, आणि अनेक अवयवांत पसरल्यास विनब्लास्टीन व प्रेडनिसोलोन ही औषधे सुमारे वर्षभर द्यावी लागतात. पीयूषिकेची हानी मात्र सहसा भरून येत नाही, आणि अशा मुलांना डेस्मोप्रेसिन हे औषध पुढेही घेत राहावे लागते.